चाकं टेकल्यावर

भटू सुतार मूळचा पारोळ्याचा. बाप बैलगाडीची चाकं घडवायचा. रबरी टायरच्या गाड्या आल्या, बापाचा लाकूड तासायचा वाकस खुंटीला लागला, आणि भटूने लाकूड सोडून लोखंड धरलं. धुळ्याला एका जीपवाल्या मिस्त्रीकडे त्याने नऊ वर्षं काढली आणि मग जळगावात, मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्याला, स्वतःचं पत्र्याचं गॅरेज टाकलं. १९९३ साली तो चौतीस वर्षांचा होता. अंगाने काटकुळा, पण मनगटं अशी की जणू दुसऱ्या कुणाची उसनी आणून लावली असावीत. त्या मनगटांवरच त्याचं नाव चाललं होतं. भटूने कसलेला बोल्ट सैल झाला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. दुसरे मिस्त्री चिडून म्हणायचे, "भटूनं बसवलेलं खोलायला भटूच लागतो." त्याला हे ऐकायला आवडे. घट्टपणा म्हणजेच काम, अशी त्याची साधी समजूत होती, आणि धुळ्याच्या नऊ आणि जळगावच्या सात वर्षांत ती खोटी ठरवणारं काही घडलं नव्हतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सावद्याहून अभिमन चौधरी आला. केळीचे मळे, घरचे दोन ट्रक, आणि हौसेने घेतलेली पांढरी मारुती हजार. तो स्वतः पुण्याला शिकून आलेला. तिथे त्याने जमिनीला पोट लावून चालणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या आणि त्या त्याच्या डोळ्यांतून जात नव्हत्या. त्याने डिकी उघडली. गोणपाटात गुंडाळलेल्या चार आखूड स्प्रिंगा होत्या, लालभडक.

"भटूभाऊ, गाडी दीड इंच खाली बसली पाहिजे. गवतात बिबट्या दबून बसतो ना, तशी."

"बिबट्याला स्पीडब्रेकर लागत नाहीत," भटू म्हणाला; पण स्प्रिंग हातात घेऊन त्याने दोन्ही तळव्यांत दाबून पाहिली आणि त्याला ती आवडली.

अट एकच होती, आणि ती अभिमनची नव्हती. त्याची आई मंजुळाबाई सोबत आली होती. भरल्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं तोडून टाकणारं. तिच्या माहेरी, यावलकडे, नवी बैलगाडी उचलून धरत आणि ठरल्या घटकेलाच तिची चाकं जमिनीला लावत. चाकाखाली लिंबू. आणि एकदा चाकं टेकली की त्या गाडीला हातोडा लावायचा नाही. टेकलेल्या गाडीला ठोकणं म्हणजे निघालेल्या माणसाला मागून हाक मारणं. स्प्रिंगा बदलल्या म्हणजे गाडी नवीनच झाली, असा तिचा हिशेब.

"गुरुवारी सकाळी दहा वीसले चाकं टेकतीन," ती म्हणाली. "त्याच्याआधी तुहं समदं काम झालं पाहिजे. मंग पाना नाही लावायचा. समजलं का?"

"समजलं, आक्का."

भटूने दोन दिवस गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, उचलून ठेवली. चाकं हवेत लोंबत होती. स्प्रिंग बसवायची तर चाकापासून गाडीच्या पोटापर्यंत जाणारे लोखंडी हात, ज्यांना गॅरेजात आर्म म्हणतात, ते सोडवावे लागतात. ते त्याने सोडवले, स्प्रिंगा चढवल्या, आर्म परत जोडले, आणि बुधवारी संध्याकाळी एकेक बोल्ट आपल्या मनगटाने असा कसला की पान्याची मूठ तळहातात उमटली. गुरुवारी दहा वीसला गाडी खाली आली. चार लिंबं एकदम फुटली. गाडी खरोखरच दबून बसलेल्या जनावरासारखी दिसत होती. मंजुळाबाई मागच्या सीटवर डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी बसली. दार लागलं. आणि गाडीने आवाज केला.

कुईं, आणि मागोमाग कट्.

तो आवाज मोठा नव्हता. नव्या वहाणेचा असतो तसा. पण वहाणेला शब्द फुटावा असा. रस्त्यावर गेल्यावर तो वाढला. सपाट रस्त्यावर गाडी गप्प, पण स्पीडब्रेकर आला, खड्डा आला, कुणी बसलं, कुणी उतरलं, की मागच्या डाव्या कोपऱ्यातून कुईं, कट्. सावद्याला मंजुळाबाई घरी उतरली आणि म्हणाली, "मी बसली का ते कन्हते. मी काही त्याच्यात बसायची नाही आता."

पुढचे तीन आठवडे भटूने जे केलं ते कुणीही चांगल्या मिस्त्रीने केलं असतं. त्याने गाडी उचलली; चाकं हवेत असली की मंजुळाबाईचा नियम लागत नाही, असं त्याने धरलं. स्प्रिंगेचं शेवटचं वेटोळं खाचेत बसलंय का पाहिलं; बसलं होतं. वेटोळ्यांना जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. शॉकअप बदलून पाहिले. वरची रबरं बदलली. सब्बल घालून चाकं हलवली, आर्म हलवले. सगळं गप्प. पाना लावून प्रत्येक बोल्ट तपासला. एकही केसाएवढा हलला नाही. गाडी खाली घेतली, मागे बसला; कुईं, कट्. पुन्हा उचलली, गप्प. जणू गाडीला माहीत होतं की आता हा बघणार आहे. आपण खाली वाकलो की कुणीतरी ओठ मिटतं, असं त्याला वाटायला लागलं.

त्याने दुसरी कामं घेणं बंद केलं. जेवताना घास हातात धरून तो ऐकत राही. पाळण्याची कडी, रहाटाची साखळी, शेजारच्या दाराची बिजागरी: सगळ्या गावात तो एकच आवाज भरून राहिला होता. त्याची बायको ताईबाई एकदा म्हणाली, "त्या गाडीचा आवाज तुमच्यात शिरलाय." ती हसून म्हणाली होती, पण तो हसला नाही. भुसावळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं. भटूने त्याला दिवाळीनंतरचा शब्द दिला. ताईबाईला सांगितलं, "आवाज सापडला नाही तर पाने विकून टाकतो. ज्याला आपल्याच हातचं कळत नाही त्याने दुसऱ्याच्या गाडीखाली झोपू नये."

अभिमन भला माणूस, पण त्यालाही घरी तोंड द्यायचं होतं. "भटूभाऊ, शनिवारी मी जुन्या स्प्रिंगा परत टाकून घेतो. दुसरीकडे. राग मानू नका."

तेव्हा भटूला चांद मिस्त्री आठवले.

धुळ्याला आग्रा रोडला ट्रकांच्या कमानी नीट करणारी शेड होती. कमान म्हणजे ट्रकच्या चाकावरचे ते एकावर एक रचलेले वाकडे पाटे. उमेदवारीत भटू सायकलवर जीपचे पाटे बांधून तिथे न्यायचा. चांद मिस्त्री पाटा भट्टीत लाल करत, घण घालत, आणि रंग उतरताना असे टक लावून बघत की भटूला वाटे, आत कुणीतरी यांना काहीतरी सांगतंय. त्या माणसाशी बोलायची त्याची कधी छाती झाली नव्हती. आता ते सत्तरीला आले असतील. जिवंत असतील का, हेही माहीत नव्हतं.

शुक्रवारी भटू आणि अभिमन गाडी घेऊन निघाले. एरंडोल, पारोळा, मग धुळे. प्रत्येक खड्ड्याला मागून कुईं, कट्. गाडीच बोलत होती.

चांद मिस्त्री जिवंत होते. दाढीला मेंदी लावलेला हा म्हातारा शेडमध्ये बाजेवर बसून पाट्यांच्या ढिगाऱ्याकडे बघत होता. अभिमन पुढे झाला आणि सांगू लागला. म्हातारा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "जोराने बोला. पन्नास वर्षं घण घातलाय. डावा कान गेला, उजवा अर्धा."

आवाज शोधायला भटू बहिऱ्याकडे आला होता.

अभिमन ओरडला, "मिस्त्री! मागून! आवाज! येतो!"

चांद मिस्त्री घरात उर्दू बोलत, शेडमध्ये अहिराणी. ते हसले. तोंडात चारच दात. "ओरडू नको, भो. बहिराकडे आवाज लई उना तू, आते ओरडीसन काय व्हणार शे?"

भटूने जॅक काढला. म्हाताऱ्याने हात वर केला.

"ठेव तो. सगळा जण गाडी उचलीसन दखतस. उचलेल गाडी गप ऱ्हास. माणूस निजना की लंगडा दिसस का?"

शेडच्या मागे ट्रकसाठी खणलेला खड्डा होता. गाडी खड्ड्यावर आणली, चाकं जमिनीवर, पोट खड्ड्यावर. चांद मिस्त्री शिडीने हळूहळू खाली उतरले, भटू मागोमाग. वर अभिमनला मागच्या बंपरवर उभं करून दाबायला सांगितलं. गाडी खालीवर होऊ लागली. कुईं, कट्. भटूला ऐकू येत होतं. म्हाताऱ्याला नव्हतं. म्हाताऱ्याने डोळे मिटले होते आणि उजव्या हाताची चार बोटं, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावीत तशी, एकेका लोखंडावर ठेवत तो चालला होता. स्प्रिंगेवर ठेवली, काढली. शॉकअपवर ठेवली, काढली. डाव्या आर्मच्या मुळाशी, जिथे आर्म गाडीच्या पोटाला बोल्टने जोडलेला असतो आणि मधे रबराचा बुश असतो, तिथे बोटं थांबली. तिथून निघालीच नाहीत.

"आठे," चांद मिस्त्री म्हणाले. "दाताखाले वाळू आल्यासारखं लागस." मग उजव्या आर्मवर बोटं नेली. "आठे बी शे. कमी. डावा जास्त." डोळे उघडून त्यांनी भटूकडे पाहिलं. "हाऊ बोल्ट कोना हातना शे?"

"मना," भटू म्हणाला. त्याच्याही नकळत त्याच्या तोंडी गावची बोली आली.

"हात चांगला शे तुना. पन येळ चुकनी." म्हाताऱ्याने विचारलं, "कमान बसाडस तू. तिना बोल्ट कव्हय कसस?"

"गाडी टेकाडीसन. वजन आल्यावर."

"मंग आठे काय व्हयनं?"

चांद मिस्त्रींनी भटूचा हात धरला, खाली लोंबता असतानाच, मनगटाच्या वर, आणि मूठ आवळली. त्या सत्तर वर्षांच्या मुठीत पाटे वाकवण्याचं बळ अजून होतं. "आते हात वर कर," ते म्हणाले. भटूने हात उचलला. मूठ तशीच होती. हात वळला, कातडी वळेना. ती पिळली, ओढली गेली, आणि डोळ्यांत पाणी आलं. "दिवसभर असा ऱ्हाय," चांद मिस्त्री म्हणाले. "मंग दखू, कन्हस का नही."

त्या खड्ड्यात, डिझेलच्या वासात, भटूला सगळं दिसलं. चाकं हवेत लोंबत असताना त्याने बोल्ट आवळले होते. आर्म खाली झुकलेले होते, रबर त्याच अवस्थेत मुठीत धरलं गेलं होतं. मग गाडी जमिनीवर आली, तीही आखूड स्प्रिंगांवर, नेहमीपेक्षा दीड इंच अधिक खाली. आर्म वर गेले. रबर सुटू शकलं नाही. ते पिळलं गेलं आणि रात्रंदिवस पिळलेलंच राहिलं. तो प्रत्येक वेळी गाडी उचलायचा, तेव्हा रबराचा पीळ सुटायचा. त्याला विसावा मिळायचा. म्हणून गप्प. तीन आठवडे त्याने ज्या बोल्टांवर पाना लावून पाहिला होता आणि केवढे घट्ट आहेत म्हणून मनाशी समाधान मानलं होतं, तेच बोल्ट ओरडत होते, आणि त्याच्याच घट्टपणामुळे.

"सोड," चांद मिस्त्री म्हणाले आणि उजव्या बोल्टकडे बोट केलं.

भटूने पाना लावला. आपलाच बोल्ट त्याला दोन हातांनी जाईना. मग तो सुटला, आणि त्या क्षणी आर्मच्या मुळाशी काहीतरी ठप्पकन हललं. चार धाग्यांएवढं असेल. एवढंसं लोखंड आपल्या जागी गेलं आणि वर सगळी गाडी, माणसासकट, सुस्कारा टाकावा तशी खाली बसली. वीस मण लोखंड एका बोटभर रबराच्या दुखण्यावर उभं होतं, आणि ते दुखणं त्या म्हाताऱ्याच्या चार बोटांना ऐकू आलं होतं.

अभिमनला आत बसवून, गाडी चार वेळा दाबून, भटूने उजवा बोल्ट जमिनीवरच्या वजनात पुन्हा कसला. तो कोपरा गप्प झाला. तो डाव्याकडे वळला, तर चांद मिस्त्रींनी पान्यावर हात ठेवला.

"हाई जागावर कोन बठस?"

"अभिमनभाऊनी माय."

"रोज?"

"रोज. तीच जागा."

"वजन?"

भटूने दोन्ही हात फाकवून दाखवले. वरून अभिमन हसला.

"मंग हाऊ आठे नको. तिले गाडीमा बठाड, आणि तव्हय कस. जो भार वाहाना, तो भार आल्यावर कसना." शिडी चढताना ते थांबले. "आणि तूच कस. मी कसा तर तुना हातले काय समजाव?"

अभिमनने पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो पुन्हा ओरडतोय.

परतताना गाडी अर्धीच बोलत होती. डावीकडून कुईं, कट्. उजवीकडे शांतता, आणि भटू आवाजापेक्षा त्या शांततेकडेच कान लावून बसला होता. पारोळा मागे पडल्यावर अभिमन म्हणाला, "भटूभाऊ, आईला एवढंच सांगू या, की तिच्या मुहूर्ताच्या पायी झालं. चाकं टेकल्यावर पाना लावू दिला नाही म्हणून. एकदाची खोड मोडेल."

हे खरं होतं. अर्धं खरं होतं. भटूने ते एरंडोलपर्यंत मनात फिरवून पाहिलं. सोपं होतं, आणि त्याचं नावही वाचत होतं.

शनिवारी सकाळी ते सावद्याला पोचले. चौधरींच्या मळ्यात खड्डा कुठला. आणि गाडी इतकी दबलेली की खाली मांजर जाईना. जॅक लावायचा नव्हता. भटूने मळ्याच्या कडेने फिरून पाहिलं. केळीला पाणी देणारी मोठी चारी त्या आठवड्यात कोरडी होती. त्याने तिच्या दोन्ही काठांवर जाड फळ्या टाकल्या आणि गाडी हळूहळू मागे घेत चारीवर अशी उभी केली की मागची चाकं दोन काठांवर आली. पोटाखाली एक माणूस झोपेल एवढी जागा झाली.

मंजुळाबाई ओट्यावरून हे सगळं बघत होती. "गाडीले पाणी पाजून राहिले का काय?"

"आक्का, तुम्हाला आत बसावं लागेल."

"मी? मले काही त्याच्यात बसायचं नाही. म्या सांगितलं ना. मी बसली का ते कन्हते. मह्याच हातानं काही चुकलं असीन. दिस चुकला असीन, घटका चुकली असीन." तिने पदर नीट केला. तोडून बोलणाऱ्या त्या बाईच्या आवाजात भीती होती, आणि ती तीन आठवडे कुणाला दिसली नव्हती.

अभिमनने भटूकडे पाहिलं. भटू चारीत पाय सोडून बसला होता, तो उठला आणि ओट्याच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

"घटका चुकली नाही, आक्का. मी चुकलो. हे बोल्ट चाकं टेकल्यावर कसायचे असतात. कमानीचे मी तसेच कसतो. इथे मला सुचलं नाही. तुमचा नियम होता, पण तुम्हाला थांबवून विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी वाट काढली असती. मी विचारलं नाही. मला वाटलं, मी कसलंय म्हणजे झालं."

"म्हणजे मह्या वजनानं नाही?"

"तुमच्या वजनानं तर कळलं. नाहीतर गाडी आतल्या आत फाटली असती."

"वा रे वा," मंजुळाबाई म्हणाली. "आता मह्या वजनाची बी तारीफ होऊन राहिली." पण ती उतरली. फळीवरून सावकाश चालत आली, दार उघडून धरायला लावलं, आणि आपल्या जागी बसली. गाडी कण्हली. तिने डोळे मिटून घेतले.

"आणि टेकलेल्या गाडीले पाना?" आतून तिने विचारलं.

भटू चारीत उताणा झोपला होता. वरती तेलकट पोट, कडेने केळीची हिरवी पानं, आणि त्यांच्यामधून येणारा उजेड. "आक्का, तुमच्या माहेरी गाडीचा खिळा सैल झाला तर काय करायचे?"

वर बांगड्या वाजल्या. मग, "आधी बैलाले हात लावायचे. त्याले सांगायचे."

"मग तुम्ही हात ठेवा. सांगा."

तिने सांगितलं की नाही ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने एवढंच पाहिलं की वरचा भार जरासा पुढे सरकला, जसा माणूस हात लांब करताना सरकतो. त्याने बोल्ट सोडला. ठप्प. आर्म आपल्या जागी गेला. ती दचकून "अगो बाई" म्हणाली, आणि भटूला आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचं वजन जसं असतं तसं दिसलं. किती ते नव्हे. ते कसं खाली येतं, सीटमधून स्प्रिंगेत, स्प्रिंगेतून आर्ममध्ये, आणि शेवटी एका बोटभर रबरात येऊन कसं निमूट उभं राहतं, ते. एक बाई बसली होती. बारा मुलांची बाळंतपणं केलेली, तीन पोरं मातीत दिलेली, पहाटे चारपासून उभी असणारी बाई. आणि तिचा तो सगळा भार त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, त्याच्या पान्याची वाट बघत थांबला होता. त्याने श्वास धरला. मग कसायला सुरुवात केली. या वेळी मनगट जेवढं म्हणत होतं तेवढं नाही. लोखंडाने पुरे म्हटलं तिथे तो थांबला.

"आक्का, आता हला. जरा जोरात."

"म्हातारपनी नाचवून राहिला मले."

ती हलली. भटूने चार बोटं बोल्टवर ठेवली आणि डोळे मिटले. गाडी वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली. बोटांखाली लोखंड थंड होतं आणि त्यात काहीच नव्हतं, वाळूचा कणसुद्धा नाही.

"आवाज येऊन राहिला का रे?" वरून मंजुळाबाईने विचारलं. उत्तर नाही म्हणून ती आणखी जोरात हलली, आणि मग तिला मजाच वाटू लागली. "अभिमन, ये बरं तूही. बस इकडं." दुसरं दार लागलं. दोघं मायलेक मागच्या सीटवर लहान पोरांसारखे हलू लागले, आणि केळीच्या पानांतून येणारा उजेड भटूच्या तोंडावर त्या तालात हलू लागला.

"मिस्त्री! निजला का काय खाली?"

"नाही, आक्का," भटू म्हणाला. "अजून थोडं हला. ऐकतोय."